राजा परत येईपर्यंत: रॉबिन हूड, रिचर्ड आणि पडद्यावरची निष्ठा

शेरवुडच्या जंगलात रॉबिन हूडची माणसे एका मठाधिपतीला अडवतात. शिरस्त्याप्रमाणे त्याची थैली हलकी होते आणि मग त्यालाच जेवणाचे आमंत्रण मिळते. बोलता बोलता विषय राजा रिचर्डवर येतो. या दुर्दशेचा दोष राजाकडेच जातो, असे रॉबिन म्हणतो. राजाचे काम इथे राहून आपल्या प्रजेला राखण्याचे होते, परमुलखात जाऊन लढण्याचे नव्हते. पाहुणा चमकून विचारतो, म्हणजे तू पवित्र धर्मयुद्धालाही नावे ठेवतोस? रॉबिन मागे हटत नाही. इंग्लंड सांभाळण्याची जबाबदारी ज्या कशामुळे आपल्यासारख्या फरारी माणसांवर येऊन पडते, त्या प्रत्येक गोष्टीला आपण दोष देणारच, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. पुढे मठाधिपती आपला झगा बाजूला सारतो. आत सिंहमुद्रेचा अंगरखा दिसतो, आणि मघाशी राजाला बोल लावणारा रॉबिन गुडघे टेकतो.

हा प्रसंग १९३८ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातला. तलवारबाजीच्या ऐतिहासिक साहसपटांत निष्ठा, शौर्यधर्म आणि मान या तीन शब्दांचा जो व्यवहार चालतो, तो सगळा या एका प्रसंगात सापडतो. प्रश्न खरा असतो, तो धीटपणे विचारलाही जातो. पण उत्तराची वेळ येण्याआधी राजा प्रकट होतो. राजा आपले काम सोडून गेला, तर प्रजेची त्याच्यावरची निष्ठा किती काळ बांधलेली राहते? पडद्यावर हे उत्तर राहून गेले. बाराव्या-तेराव्या शतकातल्या माणसांना मात्र ते द्यावे लागले, आणि प्रत्येकाने ते निराळे दिले.

आधी या चित्रप्रकाराच्या नावाविषयी. इंग्रजीत अशा चित्रपटांना आणि त्यांच्या नायकांना ‘स्वॅशबकलर’ म्हणतात. बकलर म्हणजे हातात धरायची लहान गोल ढाल. रस्त्याने जाताना तिच्यावर तलवार आपटून आवाज करणारा, येणाऱ्याजाणाऱ्यावर गुरकावणारा भांडकुदळ, असा या शब्दाचा सोळाव्या शतकातला अर्थ होता. ती शिवीच होती. आज तोच शब्द सभ्य, हसतमुख, दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या तलवारबहाद्दराला लावला जातो. गुंडाचा सरदार होण्याचा हा प्रवास मोठा मौजेचा, आणि १९३८ चा रॉबिन हूडही काहीसा त्याच वाटेने पडद्यावर आला.

वॉर्नर ब्रदर्स ही कंपनी तिसाव्या दशकाच्या आरंभी गुन्हेगारी टोळ्यांवरच्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध होती. ‘द पब्लिक एनेमी’ (१९३१) या तिच्या चित्रपटाने जेम्स कॅग्नीला मोठे केले. अशा चित्रपटांतला गुन्हेगार शेवटी मरत असला, तरी तोवर प्रेक्षक त्याच्यावर लुब्ध झालेला असे. धर्मसंस्थांची आणि सुधारकांची ओरड वाढली आणि जुलै १९३४ पासून ‘प्रॉडक्शन कोड’ नावाची नियमावली सक्तीने लागू झाली. कायद्याची थट्टा करू नये आणि कायदाभंगाविषयी सहानुभूती उत्पन्न करू नये, हे तिचे एक मूलतत्त्व होते. १९३५ मध्ये वॉर्नरने रॉबिन हूडचा विचार सुरू केला, तेव्हा नायक म्हणून पुढे आलेले नाव कॅग्नीचेच होते. कंपनीशी भांडण होऊन तो निघून गेला, म्हणून भूमिका टास्मानियात जन्मलेल्या एरॉल फ्लिनकडे आली.

नियमावली अशी, आणि नायक मात्र वाटमारी करणारा, राजाची हरणे मारणारा, अधिकाऱ्यांवर बाण सोडणारा. मेळ कसा बसवायचा? कथेत तोड तयारच होती. सिंहासनावर डोळा ठेवून बसलेला माणूस खरा राजा नाही, खरा राजा दूर आहे, आणि नायक त्याच्या वतीने लढतो. म्हणजे वरवर बंडखोर दिसणारा तोच खरा कायदापालक ठरतो. बंडाची सगळी मजा घ्यावी आणि शेवटी राजमुद्रा उमटवून ते बंड नव्हतेच असे जाहीर करावे! झेंडाचा कैदी असो वा तीन शिलेदार, या जातीच्या बहुतेक कथांत राजा दूर असतो, कैदेत असतो, फसवला गेलेला असतो किंवा भोळा असतो. शहाणा राजा घरीच बसलेला असेल, तर नायकाला तलवार उपसायला कारणच उरत नाही.

परवानगीचा हा प्रश्न केवळ अमेरिकेपुरता नव्हता. कोल्हापुरात प्रभात कंपनीने १९३० मध्ये शिवछत्रपतींवरचा मूकपट काढला आणि व्ही. शांतारामांनी त्यात स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली. नावात ‘स्वराज्य’ हा शब्द ब्रिटिश सेन्सॉरला खपला नाही. ‘स्वराज्याचे तोरण’ बाजूला पडून चित्रपट ‘उदयकाल’ म्हणून झळकला. तिथे परका राजा लंडनमध्ये होता आणि पडद्यावरचा राजा घोड्यावर बसून समोर उभा होता, हीच तर सेन्सॉरची अडचण होती.

पुन्हा शेरवुडकडे. मायकेल कर्टिझ आणि विल्यम कीली यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटावर सुमारे २० लाख डॉलर खर्च झाले. तोवर वॉर्नरने एकाही चित्रपटावर एवढा पैसा ओतला नव्हता. शेरवुड म्हणून दिसते ते कॅलिफोर्नियातल्या चिको गावाचे बिडवेल पार्क. अखेरच्या द्वंद्वात खांबावर नाचणाऱ्या दोन सावल्या ज्याने एकदा पाहिल्या तो त्या विसरत नाही. द्वंद्वाची आखणी फ्रेड कॅव्हेन्स या तलवारगुरूची. खलनायक गिस्बॉर्न रंगवणारा बेसिल रॅथबोन प्रत्यक्षात फ्लिनपेक्षा कितीतरी सरस तलवारपटू होता, पण कथेच्या हुकमाने त्याला हरावे लागले. अर्थात बाराव्या शतकातला सरदार असा लढत नसे. अंगात साखळ्यांचे चिलखत, डाव्या हातात मोठी ढाल आणि जड घाव, असा तो मामला होता. पडद्यावरची चपळ पट्टेबाजी रंगभूमीवरून आणि नंतरच्या काळातल्या आखाड्यांतून आलेली आहे.

संगीतकार एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड हा व्हिएन्नाचा ज्यू. या कामासाठी तो १९३८ च्या आरंभी हॉलिवुडला आला आणि मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. या चित्रपटाने आपला जीव वाचवला, असे तो पुढे सांगत असे. परक्या जेत्यांच्या अत्याचारांची चित्रे मे १९३८ मध्ये पडद्यावर आली, तेव्हा प्रेक्षकाच्या मनात काय काय जागे झाले असेल, याचा तर्क करायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

चित्रपटाचा कणा मात्र एका शपथेत आहे. जंगलात एका प्रचंड वृक्षाखाली रॉबिन आपल्या माणसांकडून वचन घेतो. लुटायचे ते श्रीमंतांना, आणि गरिबांना देण्यासाठी. वृद्ध आणि असहाय यांना आसरा द्यायचा. स्त्री गरीब असो वा श्रीमंत, नॉर्मन असो वा सॅक्सन, तिचे रक्षण करायचे. आणि राजा रिचर्ड परत येईपर्यंत इंग्लंड निष्ठेने राखायचे. शौर्यधर्माची सगळी कलमे या चार ओळींत आली. यातले स्त्रीरक्षणाचे कलम बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यात शत्रूच्या स्त्रियाही येतात, आणि पुढे एका नॉर्मन स्त्रीचीच निष्ठा चित्रपटाला कसोटीला लावायची आहे.

ती स्त्री म्हणजे मॅरियन, राजाच्या छत्राखाली वाढलेली नॉर्मन उमरावकन्या. रॉबिनची निष्ठा पहिल्या दृश्यापासून शेवटापर्यंत तसूभर हलत नाही, त्यामुळे तिची परीक्षाही होत नाही. मॅरियनची होते. जंगलात आसऱ्याला आलेली, छळ सोसलेली माणसे रॉबिन तिला दाखवतो. आपला द्वेष नॉर्मनांशी नाही, अन्यायाशी आहे, असे तो सांगतो, आणि ज्या लोकांत ती लहानाची मोठी झाली त्यांच्याविषयी तिला नव्याने विचार करावा लागतो. पुढे राजपुत्र जॉनसमोर उभी राहून आपली निष्ठा रिचर्डशी असल्याचे सांगताना तिला आपल्या डोक्याची किंमत माहीत असते. तलवार हाती न घेता या चित्रपटातले सर्वांत धाडसाचे काम ऑलिव्हिया डी हॅविलंडच्या वाट्याला आले आहे. समीक्षक सहसा तिच्या सौंदर्याबद्दल लिहून थांबतात, हा अन्याय आहे.

निष्ठेची शपथ पडद्यावर गोड दिसते. दहाच वर्षांत ती अमेरिकेतल्या माणसांना खरोखर घ्यावी लागली. मार्च १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी करण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी हॉलिवुडच्या पटकथाकारांना संसदीय समितीपुढे उभे करून साम्यवादी पक्षाशी असलेल्या संबंधांविषयी विचारले गेले. उत्तर नाकारणाऱ्या दहा जणांना तुरुंगवास झाला. रिंग लार्डनर ज्युनियर हा त्यांतला एक. कॅलिफोर्निया विद्यापीठाने साम्यवादविरोधी शपथेवर सही न करणाऱ्या ३१ प्राध्यापकांना १९५० मध्ये कामावरून दूर केले. यांतल्या अनेकांचा साम्यवादाशी काही संबंध नव्हता. शपथ मागणेच त्यांना मानहानीचे वाटत होते.

काळ्या यादीत गेलेल्या लेखकांना हॉलिवुडची दारे बंद झाली. तेव्हा इंग्लंडमध्ये जाऊन राहिलेल्या हॅना वाइनस्टीन या अमेरिकी निर्मातीने १९५५ मध्ये दूरचित्रवाणी मालिका सुरू केली. विषय होता रॉबिन हूड! लार्डनर आणि त्याचा मित्र इयन मॅक्लेलन हंटर यांनी टोपणनावांनी तिच्यासाठी लिहिले. निष्ठाहीन ठरवलेली माणसे निष्ठावंत फरारीच्या गोष्टी लिहीत होती, आणि अमेरिकेतली मुले दर आठवड्याला त्या पाहत होती. दरम्यान १९५३ मध्ये इंडियाना राज्याच्या पाठ्यपुस्तक समितीच्या एका सदस्येने, श्रीमंतांना लुटून गरिबांना देणे हा साम्यवादी विचार असल्याने रॉबिन हूड पुस्तकांतून काढावा, अशी मागणी केली. त्यावर इंडियाना विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी कोंबड्यांची पिसे हिरवी रंगवून वाटली. सूचना फेटाळली गेली.

आता ज्याच्यासाठी शपथ घेतली, त्या राजाकडे वळू.

रिचर्ड १० वर्षे राजा होता (११८९ ते ११९९). या काळात तो इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने राहिला. धर्मयुद्धावरून परतताना डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ ऑस्ट्रियाच्या ड्यूक लिओपोल्डने त्याला पकडले. पुढे तो सम्राट सहाव्या हेन्रीच्या ताब्यात गेला आणि सुटकेची किंमत ठरली १,५०,००० मार्क. चित्रपटात राजपुत्र जॉन हीच रक्कम गोळा करण्याच्या नावाखाली प्रजेला पिळतो. प्रत्यक्षात ती वसुली रिचर्डच्या निष्ठावंत मंत्र्यांनी आणि त्याची आई, राणी एलिनॉर हिने केली. उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा, चर्चमधली सोन्याचांदीची भांडी, सिस्टर्शियन मठांची एका वर्षाची सगळी लोकर असा तो कर होता. म्हणजे पडद्यावर ज्या वसुलीने सॅक्सन शेतकरी देशोधडीला लागतो, ती इतिहासात राजनिष्ठेचीच वसुली होती. सत्तरी गाठलेल्या एलिनॉरने मुलासाठी युरोप पालथा घातला, आणि चित्रपटात तिला जागाच मिळाली नाही. पटकथेला राजमाता नको होती. ती असती तर रॉबिनसाठी काम उरले नसते.

जॉन मात्र चित्रपटात आहे तितकाच वाईट होता, कदाचित काकणभर अधिक. त्याने फ्रान्सचा राजा फिलिप याच्याशी हातमिळवणी केली, आणि रिचर्डला आणखी काही महिने कैदेत ठेवावे म्हणून दोघांनी सम्राटाला पैसे देऊ केले. फेब्रुवारी ११९४ मध्ये रिचर्ड सुटला, मार्चमध्ये सँडविचला उतरला आणि जॉनच्या पक्षाने धरून ठेवलेल्या नॉटिंगहॅमच्या किल्ल्यापुढे जाऊन उभा राहिला. काही दिवसांत किल्ला पडला. ज्या नॉटिंगहॅमवरून ही सारी कथा फिरते ते जॉनला दिले होते रिचर्डनेच, राज्यावर आल्या आल्या, भावाला खूश ठेवण्यासाठी.

त्यानंतरच्या दिवसाची नोंद हाउडनच्या रॉजर या बखरकाराने केली आहे. राजा शेरवुडची वने पाहायला गेला. ती त्याने पूर्वी कधी पाहिली नव्हती, आणि ती त्याला फार आवडली. चित्रपटवाल्यांना हे ठाऊक असते, तर त्यांनी आणखी काय मागितले असते? रिचर्ड खरोखर शेरवुडमध्ये होता, नॉटिंगहॅम जिंकून आलेला होता, फक्त त्याची वाट पाहणारा कोणी हिरव्या कपड्यांतला धनुर्धारी तिथे नव्हता. मे महिन्यात तो नॉर्मंडीला निघून गेला, तो पुन्हा इंग्लंडला आलाच नाही.

जॉनचे काय झाले? पडद्यावर त्याला देशाबाहेर घालवतात. इतिहासात तो नॉर्मंडीत भावाच्या पाया पडला, आणि हे पोरगे वाईट सल्लागारांच्या नादी लागले होते अशा थाटात रिचर्डने त्याला माफ केले. ‘पोरगे’ तेव्हा २७ वर्षांचे होते. उमरावांच्या शौर्यधर्मात ही क्षमा मोठी गोष्ट मानली जाई, पण ती सहसा बरोबरीच्या माणसाला मिळत असे. त्याच रिचर्डने ऑगस्ट ११९१ मध्ये एकरच्या वेशीबाहेर सुमारे २,७०० मुसलमान कैद्यांची कत्तल करवली होती, कारण तहाची रक्कम वेळेवर आली नाही. मार्च ११९९ मध्ये शालूसच्या वेढ्यात बाण लागून तो मरणाच्या दारी पोचला, तेव्हा बाण मारणाऱ्याला समोर आणवून त्याने माफ केले आणि पैसेही देवविले, असे रॉजर सांगतो. राजाने डोळे मिटल्यावर त्याच्या सेनापतीने त्या माणसाची कातडी सोलवली, हेही तोच सांगतो. सामान्य माणसाला राजाने दिलेला शब्द राजाच्या श्वासाइतकाच टिकला.

या काळात निष्ठा म्हणजे नेमके काय, हे पाहायचे तर रॉबिन हूडला बाजूला ठेवून विल्यम मार्शलकडे जावे. तो खराखुरा माणूस होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच १९,००० ओळींच्या फ्रेंच पद्यात त्याचे चरित्र लिहिले गेले. त्याची सुरुवातच भयंकर आहे. ११५२ मध्ये, पाचएक वर्षांचा असताना, बापाने त्याला राजा स्टीफनकडे ओलीस दिला आणि लगेच शब्द मोडला. पोराला फासावर देऊ, असा निरोप आला. तेव्हा याहून चांगली पोरे घडवायला आपल्यापाशी हातोडा आणि ऐरण शाबूत आहे, असे उत्तर बापाने पाठवले. स्टीफनला ते पोर मारवेना. शब्द मोडणाऱ्याचा मुलगा पुढे शब्द पाळण्यासाठी प्रसिद्ध झाला, तो शत्रूच्या दयेवर जगून.

११८९ मध्ये वृद्ध राजा दुसरा हेन्री आपल्याच मुलापासून पळत होता. तो मुलगा म्हणजे रिचर्ड. होय, चित्रपटातला आदर्श राजा, ज्याच्या निष्ठेसाठी सगळे जीव टाकतात, तो राज्यावर आला बापाशी युद्ध करून! ले मान्सजवळ पाठलागात रिचर्ड पुढे आला आणि पिछाडी सांभाळणारा मार्शल भाला रोखून वळला. रिचर्डच्या अंगात पुरते चिलखत नव्हते. मार्शलने ऐन वेळी भाला खाली घेतला आणि त्याचा घोडा मारला. महिनाभरात हेन्री मेला. बापाच्या प्रेताजवळ नव्या राजाची आणि मार्शलची गाठ पडली. तू मला मारायला निघाला होतास, असे रिचर्ड म्हणाला. मारायचेच असते तर ते अवघड नव्हते, असे मार्शलने शांतपणे सांगितले. रिचर्डने त्याला माफ केले, शिवाय पेम्ब्रोक आणि लिन्स्टरच्या वारसदार इसाबेलशी त्याचे लग्न लावून दिले. बुडत्या राजाला न सोडणारा माणूस आपल्यालाही सोडणार नाही, हे रिचर्डला कळले असावे.

इथवर चित्रपटात शोभण्यासारखे आहे. यापुढचे नाही. १२०४ मध्ये जॉनने नॉर्मंडी गमावली. मार्शलच्या जमिनी खाडीच्या दोन्ही बाजूंना होत्या. इंग्लंडमधल्या जमिनींसाठी तो जॉनचा माणूस होता, आणि नॉर्मंडीतल्या राखायच्या तर फिलिपपुढे हात जोडणे भाग होते. त्याने ते केले आणि मग फिलिपविरुद्ध लढायला नकार दिला. जॉन संतापला. त्याने इतर उमरावांना मार्शलचा न्याय करायला सांगितले, पण कोणी पुढे येईना, कारण उद्या हाच पेच प्रत्येकावर येणार होता. एकाच वेळी दोन धन्यांना दिलेला शब्द, आणि दोन्ही खरे. तलवारबाजीच्या चित्रपटात या पेचाला जागा नसते; तिथे दुसरा धनी नेहमी तोतया निघतो.

जॉनने मार्शलचे दोन मुलगे ओलीस म्हणून मागून घेतले. मार्शलने ते दिले. आपला बाप कसा वागला होता, हे तेव्हा त्याला आठवले नसेल असे म्हणवत नाही.

१२१५ च्या मे महिन्यात बंडखोर उमरावांनी जॉनला निष्ठात्यागाचा रीतसर निरोप धाडला. त्या काळी याला ‘डिफिदातिओ’ म्हणत. निष्ठा हा दोन्ही बाजूंचा करार. धन्याने आपली बाजू मोडली तर ती परत घेता येते, पण ती उघडपणे, सांगून परत घ्यायची. न सांगता शस्त्र उचलले तर तो द्रोह, सांगून उचलले तर तो हक्क. शौर्यधर्मातली ही सर्वांत राजकीय कल्पना होय, आणि साहसपटांनी तिला स्पर्श केलेला क्वचितच दिसतो. १५ जून १२१५ रोजी रनिमीडच्या कुरणात मॅग्ना कार्टा ही महासनद ठरली. तिच्या ६१ व्या कलमाने २५ उमरावांना राजावर पहारा ठेवण्याचा अधिकार दिला. राजाने सनद मोडली तर त्यांनी त्याचे किल्ले, जमिनी जप्त कराव्यात, मात्र राजाच्या, राणीच्या व मुलांच्या अंगाला हात लावू नये, आणि चूक दुरुस्त झाली की पूर्ववत आज्ञा पाळावी. रॉबिनने जंगलात विचारलेल्या प्रश्नाला इतिहासाने दिलेले एक उत्तर या कलमात आहे. ते मिळाले वाईट राजाच्या कारकिर्दीत. चांगल्या राजाकडून कोणी असे लिहून मागितले नसते.

मार्शल जॉनच्या बाजूने राहिला, आणि त्याचा थोरला मुलगा, पूर्वीचा ओलीस, त्या २५ जणांत बसला. पोपने दोन महिन्यांत सनद रद्द केली, युद्ध पेटले, आणि ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन मेला. मागे ९ वर्षांचा हेन्री उरला. अर्धे राज्य फ्रेंच राजपुत्राच्या हाती होते. सत्तरीच्या मार्शलला राज्यरक्षक नेमले गेले. नोव्हेंबरमध्ये त्याने काही कलमे वगळून महासनद पुन्हा जारी केली, आणि तिच्यावर त्याची स्वतःची मुद्रा होती. वगळलेल्या कलमांत ६१ वे होते, हे सांगितले पाहिजे. मे १२१७ मध्ये लिंकनच्या लढाईत तो स्वतः घोड्यावर होता. ज्या कागदासाठी बंडखोर लढले तो राजनिष्ठाने वाचवला, दात काढून का होईना.

मग हे सगळे सोडून रॉबिन हूड रिचर्डच्या पदरी कसा पडला? त्याच्या गाण्यांचा पहिला उल्लेख ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात १३७७ च्या सुमारास येतो. त्याला ११९३-९४ च्या काळात, म्हणजे रिचर्डच्या कैदेच्या वर्षांत, नेऊन बसवले ते स्कॉटिश इतिहासकार जॉन मेजरने १५२१ मध्ये. १५९८ मध्ये अँथनी मंडेच्या नाटकांनी त्याला हंटिंग्डनचा अर्ल केले. सॅक्सन विरुद्ध नॉर्मन हा रंग चढवला वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ने, १८१९ मध्ये. रिचर्डच्याही आधी, ११७९ च्या आसपास, राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने लिहून ठेवले होते की दोन्ही जमातींत इतके विवाहसंबंध झाले आहेत की स्वतंत्र लोकांपैकी कोण इंग्लिश आणि कोण नॉर्मन हे ओळखणेच कठीण. चित्रपटाचे भांडण तेव्हाच विरत चालले होते.

जुन्या गाण्यांतला रॉबिन उमराव नव्हे. तो ‘योमन’, म्हणजे शेतकरी आणि सरदार यांच्या मधल्या थरातला स्वतंत्र माणूस. सर्वांत मोठे जुने कथाकाव्य ‘अ जेस्ट ऑफ रॉबिन होड’ १५०० च्या सुमारास छापले गेले. त्यात शेरवुडपेक्षा यॉर्कशरचे बार्न्सडेल महत्त्वाचे आहे, मॅरियन नाही, धर्मयुद्ध नाही, आणि राजाचे नाव एडवर्ड आहे. मान आणि शब्द मात्र पुरेपूर आहेत. कर्जात बुडालेल्या एका सरदाराला रॉबिन ४०० पौंड देतो, तारण म्हणून केवळ कुमारी मेरीचे नाव घेतो, आणि सरदार ठरल्या दिवशी परतफेडीला येतो. उशीर होतो तोही वाटेत एका कुस्तीत परगावच्या मल्लावर होणारा अन्याय थांबवायला तो उतरला म्हणून.

मठाधिपतीच्या वेषात जंगलात येणारा राजाही याच काव्यातला. चित्रपटाने तो प्रसंग इथूनच उचलला. इथेही रॉबिन गुडघे टेकतो, इथेही क्षमा मिळते. चित्रपट त्यानंतर राजाच्या हुकमाने रॉबिन-मॅरियनचे लग्न ठरवून दार लावून घेतो. काव्य आणखी थोडे चालते. रॉबिन दरबारी नोकरीला जातो. १५ महिन्यांत त्याचे पैसे संपतात आणि दोघे सोडून त्याची सगळी माणसे निघून जातात. एके दिवशी काही तरुण धनुष्यबाणाचा सराव करताना दिसतात आणि त्याचा जीव तुटतो. बार्न्सडेलमध्ये आपण बांधलेल्या लहानशा देवळाचे दर्शन घेऊन येतो, असे सांगून तो राजाकडे रजा मागतो. राजा ७ दिवसांची देतो. रानात पाऊल टाकताच त्याला पाखरांचे आवाज येतात, तो एक हरीण टिपतो आणि शिंग फुंकतो. पांगलेली माणसे झाडांतून बाहेर येऊ लागतात. त्यानंतर २२ वर्षे तो दरबारात परतला नाही.